सोनगीरच्या नानांची भाकरी

सोनगीरचे आमचे शेजारी नाना कुणाच्या देखत जेवत नसत. स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. बायको गेलेली, मूलबाळ नाही. जन्मभर तांब्याची भांडी ठोकून थकलेला एकटा माणूस. दुपारी मी त्यांना भाकरी नेऊन देई. ते ताट झाकून ठेवत आणि म्हणत, "बठ ना माय, घटकाभर." मग माझ्या लेकीला मांडीवर घेऊन हातोडीनं तांब्यावर ताल धरत.

"अहो नाना, गार होतेय!"

"गरम खास ते जीभ भाजस. तू गयी की खासू."

दुसऱ्या दिवशी ताट चकचकीत. "बठ्ठी खाई टाकी, माय. काय गोड शे तुना हातनी भाकर!" मी फुलून जाई. माणूस मात्र वाळत चाललेला. म्हणून मी आणखी एक भाकरी थापू लागले. काय मूर्ख मी!

एकदा वाटी विसरले म्हणून परत फिरले. नाना परसात पलीकडच्या घरातल्या सोजाबाईच्या शेळीला माझी भाकरी कुस्करून घालत होते. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. चार महिने चुलीपुढे घाम गाळला तो शेळीसाठी? वर कुंपणापलीकडून सोजाबाई म्हणते, "आम्हले ठाऊक शे ना!" म्हणजे सगळ्या आळीला माहीत, मीच तेवढी येडी.

"असं फसवलंत, नाना? सांगायला तोंड नव्हतं?"

नाना खाली बघत म्हणाले, "घास उतरत नही, माय. ताकमा भिजाडेल तुकडाबी अडकस, ठसका लागस. लोके म्हनतीन, क्षय शे. मंग तू पोरले लिसन आठे बठशी का?"

"लेकीला घेऊन इथं बसणार नाही, इतकी हलकी समजलात मला?" म्हणून तणतणत मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी ज्वारीची पातळ पेज नेली. नाना पहिल्यांदाच माझ्यासमोर खायला बसले. दुसऱ्याच घोटाला ठसका लागला, डोळे पांढरे झाले, पेज नाकातून आली. आणि मी? लेकीला उचलून पायरीखाली उतरले होते. कधी उतरले, माझं मलाच कळलं नाही.

नानांनी तोंड पुसलं. "जाय, माय. पोर लहान शे."

पुढे धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, क्षयबिय काही नाही, अन्ननळी आवळली आहे. तरी मी पेज पायरीवर ठेवूनच परतत राहिले. त्याच हिवाळ्यात नाना गेले. ते माझ्याशी खोटं बोलले, याचा राग मला अजून आहे. पण खरं कळल्यावर मी आत जाऊन एकदाही बसले नाही.