कापलेला जय भीम

आईनं फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "जय भीम."

फोन गप्प.

नगरचं मोठं सभागृह, बोलणाऱ्या अ‍ॅपचं उद्घाटन. समोर अधिकारी, प्राध्यापक, परदेशी पाहुणे. आई स्टेजवर, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिला वाटलं आपलंच चुकलं, म्हणून ती पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाली, "जय भीम." फोनमधून बाईचा गोड आवाज आला, "समजलं नाही. पुन्हा बोला." सभागृहात हशा पिकला. प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम हसत पुढे आल्या, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर म्हणाल्या, "मावशी, साधं नमस्कार म्हणा ना."

साधं. आई मान खाली घालून उभी. मी स्टेजच्या कडेला होते, गळ्यात प्रकल्पाचं ओळखपत्र. ते ओळखपत्र मला त्या क्षणी जळजळीत लागलं.

आमचं गाव मिरजगावपासून आत. वस्ती ओढ्याच्या अलीकडे, गाव पलीकडे. आईचं निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलं. तिला अक्षर येत नाही. रेशनचा मेसेज आला, दवाखान्याचा आला, की फोन घेऊन कुणाच्या तरी दारात जायचं. तो वाचणार, वर चार गोष्टी विचारणार, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या घरातलं सगळं गावाला ठाऊक. याचा आईला लई राग. मी शिकायला नगरला असले की तिचे फार हाल व्हायचे.

म्हणून विद्यापीठाचे लोक आले तेव्हा ती हरखली. एक विद्यापीठ इथलं, एक परदेशातलं. दोघं मिळून असं अ‍ॅप करणार होते, की ज्याला वाचता येत नाही त्यानं आपल्या बोलीत विचारावं आणि फोननं उत्तर द्यावं. त्यासाठी गावोगावच्या बायकांचे आवाज हवे होते. सर्वसमावेशक, नैतिक, सगळ्यांचं तंत्रज्ञान. बॅनरवर शब्द झकास होते. मला त्यांनी स्थानिक समन्वयक म्हणून घेतलं. मॅडम म्हणाल्या, तुझ्यावर वस्तीचा विश्वास आहे. त्यांना माझी पदवी नको होती, तो विश्वास हवा होता. हे मला उशिरा कळलं.

पहिल्याच दिवशी आईनं चहा टाकला. मॅडमनी कप हातानंच अडवला. म्हणाल्या, आमच्या संशोधनाच्या नीतिनियमांत सहभागींकडून काही घेता येत नाही. मला वाटलं, नियम असेल. दुपारी मी चार्जर द्यायला पाटलांच्या वाड्यावर गेले, तर सगळी टीम ताटावर बसलेली. भाकरी, पिठलं, वर ठेचा. त्या वाड्यातल्या बायकाही सहभागीच होत्या. नियम ओढा ओलांडून पलीकडे जात नव्हता तर. गाडीत मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांनी फार आग्रह केला."

आग्रह माझ्या आईनंही केला होता.

तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली. तरी मी काम सोडलं नाही, कारण आई त्या अ‍ॅपकडे डोळे लावून बसली होती. ती रोज माइकपुढे बोलायची. ऊसतोडीचं, पाण्याचं, माझ्या जन्माचं. वस्तीतली प्रत्येक बाई माइक हातात आला की आधी जय भीम म्हणायची, मगच बोलायची. ही आमची रीत. माझ्या आजोबांना वाटेत पाटील दिसला की वाकून जोहार घालावा लागायचा. बौद्ध झाल्यावर त्यांनी जोहार टाकला आणि जय भीम म्हणाले. त्यापायी मार खाल्ला. आमच्या तोंडातला तो शब्द फुकट आलेला नाही.

आणि आता सभागृह त्याच शब्दावर हसत होतं.

मी स्टेजवर चढले. आईच्या हातातून फोन घेतला. म्हटलं, "राम राम."

फोन लगेच बोलला, "राम राम. काय मदत करू?"

मग मी म्हटलं, "जय भीम." समजलं नाही. पुन्हा बोला. या वेळी कुणी हसलं नाही.

मी विचारलं, "मॅडम, आमच्या बायकांनी दर वेळी जय भीम म्हटलं होतं. ते कुठं गेलं?"

मॅडमनी माइकवर हात ठेवला. हळूच म्हणाल्या, "ते आम्ही कापलं. अ‍ॅप तटस्थ हवं ना."

"मग राम राम कसं राहिलं?"

"ते सगळेच म्हणतात गं."

त्या सगळ्यांत आम्ही नव्हतो. आईनं ऐकलं होतं. तिनं मॅडमकडे सरळ बघितलं. "बाई, ह्याच्यात माजा आवाज हाय ना? मग ह्यो मलाच का वळखत न्हाई?"

मी म्हटलं, मग आईचा आवाजही काढून टाका. त्या म्हणाल्या, आता ते शक्य नाही. एकदा मशीन शिकलं की कुणा एकाचा आवाज वेगळा करता येत नाही.

म्हणजे जय भीम काढता येतो. आईचा आवाज काढता येत नाही. नको ते बरोबर सापडतं, हवं ते कायमचं त्यांचं होतं. मी ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि आईला घेऊन एस.टी. स्टँडवर आले. गाडीत बसल्यावर आई एवढंच म्हणाली, "पुन्यांदा त्यांना वस्तीत आनू नको."

मी आणणार नाही. आता आमच्या वस्तीत कुणी माइक घेऊन आलं, तर आधी विहारात सगळ्यांपुढे बसायचं. काय ठेवणार, काय कापणार, ते तिथं सांगायचं. पटलं नाही तर एकही बाई तोंड उघडणार नाही. आणि चहा प्यायचा.

मॅडमचे फोन येतात. दुसरा टप्पा सुरू करायचाय म्हणे, वस्ती पुन्हा जोडून दे. मी फोन उचलते. "जय भीम," म्हणते आणि थांबते. पलीकडून येतं, "हॅलो, ऐकू येतंय का?"

मी म्हणते, "समजलं नाही. पुन्हा बोला."

आणि फोन ठेवते. जोवर तिकडून जय भीम येत नाही, तोवर ठेवत राहणार.