बांधापलीकडचं घर

देवळासमोरच्या अंगणात बायकांनी रांगोळीने आपलं गाव काढलं होतं. घर म्हणजे चौकोन. ज्या घरात लहान मूल, तिथे चिमूटभर हळद. आमच्या संस्थेत याला कम्युनिटी मॅपिंग म्हणतात. गावाने स्वतःचा नकाशा काढायचा आणि मुलं कुठे, का आजारी पडतात ते स्वतःच शोधायचं. मी फक्त प्रश्न विचारायचे, रांगोळीला हात लावायचा नाही.

खाडीच्या बांधापलीकडे काहीच काढलेलं नव्हतं. येताना मी तिथे वाळत घातलेली दुपटी पाहिली होती.

“तिकडे कोण राहतं?”

“कोन नाय, मॅडम.”

जेवणाच्या सुट्टीत मी बांधावरून गेले. रेश्मा घरात एकटी होती. माहेर खांब गावचं, लग्न स्वतःच्या मनाने केलेलं. नवरा रोह्याला कंपनीत. सासू बोलत नव्हती, म्हणून गावही बोलत नव्हतं. मांडीवर मुलगी निपचित पडलेली. मी तिच्या दंडाला मापाची रंगीत पट्टी लावली. लाल आली, म्हणजे तीव्र कुपोषण.

“अंगणवाडीत नेत नाहीस?”

“नेली व्हती. कुनी बस पन म्हटलं नाय.”

मी उठले तशी ती म्हणाली, “जरा बसा ना.” मी बसले. रोह्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीतही संध्याकाळी बोलायला कुणी नसतं.

तिथूनच संस्थेतल्या सरांना फोन केला. “इथल्या मुलीची पट्टी लाल आलीय, आणि मॅपवर हे घरच नाही. मी काढू?”

“तू काढलंस तर तो तुझा मॅप झाला. मुलीला आधी हॉस्पिटलला ने.”

“आणि परत आल्यावर बघणार कोण?”

“ते गावाला विचार.”

अंगणात येऊन मी विचारलं, “बांधापलीकडच्या मुलीला पेणला न्यायचंय. सोबत कोण येतं?”

बायका रांगोळीच्या रेघा नीट करू लागल्या. मग रेश्माची जाऊ, संगीता, उठली.

बायकांत बसलेली दोघींची सासू म्हणाली, “गो संगीता, बस खाली.”

संगीता खाली बसली, पण नकाशातल्या बांधाच्या पलीकडे. तिने चौकोन काढला, त्यात हळद टाकली. “पोर आपलीच हाय ना, आई?”

सासूने त्या चौकोनाकडे पाहिलं. तिला अडवलंही नाही.

आम्ही मुलीला पेणच्या दवाखान्यात भरती केलं. तिचं वजन हळूहळू वाढलं. आता संगीताच तिला अंगणवाडीत नेते-आणते. रेश्मा तिथल्या दारापर्यंत येते आणि मागे फिरते. तिच्याशी बाकी गाव अजून बोलत नाही.

मॅपिंगने मूल सापडतं. त्याच्या आईचं काय करायचं, हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.