चाळिसांतले चौघे

"दाराजवळ बस. वास येतो."

गणिताचे सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले. शनिवारची सकाळची शाळा होती आणि शाळेचे चारही संडास घासून मी नुकतीच वर्गात आले होते. सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली. हाताला फिनाईल. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने दप्तर मध्ये सरकवलं. वर्ग हसला. मीही हसले. या माझ्या हसण्याची मला आजही चीड येते.

दहावीत होते. शाळा चोपड्याच्या बाजूची, खाजगी अनुदानित. दिवाळीनंतर सफाईचा माणूस सोडून गेला आणि संस्थेने दुसरा नेमला नाही. मग सरांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. म्हणाले, "कुणावर अन्याय नको. चाळीस जण, चाळीस चिठ्ठ्या. दर शनिवारी एक काढू. ज्याचं नाव निघेल त्याने संडास धुवायचे. चिठ्ठीला जात नसते."

मला ते पटलं. खरंच पटलं. वर्गात आम्ही चौघंच बौद्ध वस्तीतले होतो. बाकीच्यांच्या घरी केळीच्या बागा, आमच्या आया त्याच बागांत घड वाहणाऱ्या. निदान डब्यात तरी सगळे सारखे, असं वाटलं.

सर स्वतः हात घालायचे, नाव वाचायचे, चिठ्ठीची घडी करून परत डब्यात टाकायचे. पहिल्या शनिवारी माझं नाव निघालं. दुसऱ्या शनिवारी वस्तीतल्या मुलाचं. मग वस्तीतल्याच दोघी बहिणींपैकी थोरलीचं. मग पुन्हा माझं. दर वेळी वर्ग टाळ्या वाजवायचा. मी घरी येऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि आपलंच नशीब फुटकं म्हणून रडायचे. वेडी होते.

एक गोष्ट कबूल करते. सर शिकवायचे छान. संभाव्यतेचा धडा सुरू झाला तेव्हा त्यांनी दोन नाणी फेकून दाखवली, फासे आणले. म्हणायचे, "अंदाज सांगू नका. आधी सगळ्या शक्यता मांडा, मग मोजा." मला तो धडा फार आवडला. एका तासाला त्यांनी विचारलं, रोजच्या जगण्यातलं स्वतःचं उदाहरण कोण देईल? मी उठले. फळ्याकडे गेले.

लिहिलं. चाळीस चिठ्ठ्या, आमच्या वस्तीच्या चार. एका शनिवारी आमच्यातलं नाव निघण्याची संभाव्यता चार भागिले चाळीस, म्हणजे एक दशांश. दोन शनिवारांच्या मिळून जोड्या सोळाशे. दोन्ही वेळा आम्हीच, अशा जोड्या सोळा. शंभरात एक. तीन शनिवार, हजारात एक. आतापर्यंत सहा शनिवार झाले होते आणि सहाही वेळा आम्हीच. मी सहा शून्यं काढली. दहा लाखांत एक.



सर म्हणाले, "संभाव्यता कमी म्हणजे अशक्य नव्हे. शून्य असेल तरच अशक्य. बस खाली."

गणित म्हणून ते बरोबर होतं. म्हणूनच डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "मग डबा उघडा, सर. मोजू."

त्यांचा चेहरा लाल झाला. "अंतर्गत वीस गुण माझ्या हातात आहेत, विसरू नको. उद्या पालकांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी माय बागेतल्या कामावर खाडा करून आली. ऑफिसात सरही होते. मुख्याध्यापकांनी तिला बसा म्हटलं नाही. ते म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण जीभ लांब आहे." मायने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डबा उघाडा. बठ्ठास्ना नावं शेतस का त्यामा, माले दखाडा." सगळ्यांची नावं आहेत का, तिला बघायचं होतं.

"तुला वाचता येतं का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"मनी पोरले येस."

डबा तिथेच ऑफिसातल्या कपाटावर होता. कुणी हलेना म्हणून मीच काढला आणि टेबलावर पालथा केला. एकेक घडी उलगडली. वीस चिठ्ठ्या निघाल्या. नावं चारच, प्रत्येकाचं पाच वेळा. सरांचं ते गोल, देखणं अक्षर. त्याच अक्षरात ते माझ्या वहीवर शाबास लिहायचे.

मला वाटलं होतं, आता कुणाची तरी मान खाली जाईल. मुख्याध्यापकांनी चिठ्ठ्या शांतपणे गोळा केल्या. म्हणाले, "बाकीचे पालक तक्रार करतात. तुम्हाला या कामाची सवय असते. नावं घेऊन सांगितलं असतं तर तुम्ही लगेच जात काढली असती. म्हणून चिठ्ठी."

सर खिडकीबाहेर बघत होते.

त्या क्षणी माझं रडणं संपलं ते संपलंच. मी ज्याला माझं नशीब म्हणत होते ते यांनी बसून, पेनने, वीस वेळा लिहिलं होतं. माय न विचारता समोरच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "मनी पोर आते संडास धुनार नही."

पुढच्या शनिवारी डबा आला नाही. सरांनी सरळ माझं नाव घेतलं. मी बसून राहिले. त्यांनी पुन्हा घेतलं. मी बसूनच सांगितलं, "नाही धुणार." मग त्यांनी बाकीच्या तिघांची नावं घेतली. तिघंही उठली नाहीत. संडास महिनाभर तुंबले. बागाईतदारांच्या मुली मधल्या सुट्टीत घरी पळायला लागल्या, तेव्हा कुठे संस्थेने माणूस नेमला. मला गणितात लेखी परीक्षेत ऐंशीपैकी सत्त्याहत्तर मिळाले. अंतर्गत वीसपैकी नऊ.

आज मी धुळ्यात गणित शिकवते. मागच्या आठवड्यात आमच्या दहावीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. सर निवृत्त होताहेत, रविवारी सत्कार आहे, सरांची विद्यार्थिनी गणिताची शिक्षिका झाली म्हणून मी दोन शब्द बोलावेत. मी लिहिलं, बोलेन, पण त्या चिठ्ठ्यांबद्दल बोलेन. लगेच फोन आला. दप्तर सरकवणारी मैत्रीण.

"जुनं कशाला उगाळतेस? लहान होतो आपण. सरांनीच तर तुला घडवलं."

गणित त्यांनीच शिकवलं, मान्य. ते मी त्यांच्यावरच पहिल्यांदा वापरलं. मी तिला विचारलं, "तू एकदा तरी धुतलेस का गं?" तिने फोन ठेवला.

मी जाणार आहे. माय म्हणाली, "मी बी येस." हार घालणार नाही. त्या तिघांना मी विचारलंय, तिघं हो म्हणाली, म्हणून चौघांचीही नावं घेणार. कोण काय म्हणालं ते शब्दाला शब्द सांगणार. मग सरांकडे वळून विचारणार, ती चार नावं पाच-पाच वेळा लिहिताना तुमचा हात एकदा तरी थांबला का? ते उत्तर देईपर्यंत मी माईक खाली ठेवणार नाही.