वरच्या पायरीवरची लक्ष्मी

वीणा कदमला घरी हळदीकुंकवाला बोलावणं जरा जोखमीचंच होतं. पाच मिनिटं नीट बसायची, मग तिचे हात शिवशिवायला लागायचे. टेबलाच्या कडेचे ग्लास आत सरकायचे, समईखालचा पाट वीतभर मागे जायचा आणि फ्रिजवर रचलेले डबे यजमानीणबाईंना न विचारताच खाली उतरायचे. बायका हसायच्या. मेलबर्नच्या डँडेनॉन्ग भागातल्या मराठी बायकांनी तिचं नाव 'सेफ्टी ऑफिसर' ठेवलं होतं, आणि तिला ते मनातून आवडायचं.

या खोडीमागे एकोणीस वर्षांची नोकरी होती. वीणा इचलकरंजीहून मेलबर्नला आली ती अकाउंटिंग शिकायला. हातखर्चासाठी एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शनिवार-रविवार टॉवेलच्या घड्या घालायला लागली, आणि अकाउंटिंग मागे पडून घड्याच राहिल्या. तिथे शेरिल नावाची एक खमकी बाई दुकानातली मांडणी बघायची. तिने वीणाला हाताशी धरलं. शेरिलचं म्हणणं अगदी थोडक्यात होतं. जड खाली, हलकं वर. डोकं फुटेल असं काही उंचावर ठेवायचं नाही, ठेवलंच तर बांधायचं. आणि गिऱ्हाईक हात लावणारच. तो लावू नये असं वाटत असेल तर खुशाल म्युझियममध्ये नोकरी बघावी. मांडणी पुरी झाली की शेरिल तिला कमरेने एक दणका द्यायची. काही हललं की सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून. तो दणका वीणानेही उचलला. एवढ्या वर्षांत आपल्या मांडणीतून साधी उशीसुद्धा पडली नाही, हे ती कुणी न विचारताही सांगायची.

मग ते स्टोअर बंद झालं. सत्तेचाळिसाव्या वर्षी नव्याने कोण विचारतं? चंद्रहासने विचारलं. तोही एकेकाळचा विद्यार्थी. टॅक्सी चालवून चालवून त्याने फॉस्टर स्ट्रीटजवळ किराणा दुकान टाकलं होतं. दुकान कसलं, गोदामच ते. आट्याच्या गोण्या छताला टेकलेल्या, लोणच्याच्या बरण्या फळीच्या कडेला लोंबकळत. वीणाने दोन महिन्यांत त्याचं रूप पालटलं. वाटा रुंद झाल्या, गोण्या खाली बसल्या, मसाल्याची पाकिटं रंगांनी लागली, लोक थांबून बघायला लागले. चंद्रहास ज्याला त्याला सांगायचा, की ताई आल्यापासून दुकानात लक्ष्मी आली.

दिवाळीच्या आधी त्याने खरोखरीच लक्ष्मी मागवली. पितळेची, चौदा किलोची, कमळावर उभी, उजवं पाऊल जरा पुढे. विकायचीही आणि तोवर शोभेचीही. वीणाने दाराशी तीन पायऱ्यांची आरास मांडली. वर कंदील आणि झेंडूच्या कापडी माळा, मध्ये फराळाचे डबे, खाली पणत्या, तांदळाच्या पिशव्या आणि त्यांच्या मधोमध लक्ष्मी. जड खाली, नियमाप्रमाणे. गुरुवारी संध्याकाळी तिने दणका दिला, काही हललं नाही. तपासणीच्या कागदावर 'सर्व वस्तू पक्क्या' या चौकोनात तिने खूण केली आणि सही केली.

शुक्रवारी सकाळी चंद्रहास त्या आराशीकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, लक्ष्मी ट्रॉलीच्या चाकांशी? लोक इथे चपला घालून हिंडतात. बघ बाई, मी काही सांगत नाही, तूच ठरव."

त्याच्यावर सगळं ढकलणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्याने जबरदस्ती केली नाही. आदल्या संध्याकाळपासून वीणालाच ते टोचत होतं. पणत्या लावताना तिच्या बुटाचं टोक मूर्तीला लागलं होतं आणि तिने पटकन वाकून नमस्कार केला होता. तेव्हा चंद्रहासचं बोलणं तिला हवंच होतं. दोघांनी मिळून मूर्ती उचलली आणि वरच्या पायरीवर, बाईमाणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवली.

एवढ्या उंचीवर चौदा किलो म्हणजे बांधायलाच हवं, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. एप्रनच्या खिशात नायलॉनचा तंगूस होता, भिंतीत हूक होता. तिने तंगूस लक्ष्मीच्या कमरेभोवती घेतला, मागे ताणला आणि समोर येऊन पाहिलं. गोठ्यातल्या जनावराला दावं लावावं तसं ते दिसत होतं. ऐन दिवाळीत लक्ष्मीला बांधून घालायचं? तिच्या जिवावर आलं. तिने तंगूस सोडला, मूर्तीखाली दुहेरी चिकटपट्टीचे चार तुकडे लावले आणि हात जोडले. कमरेने दणका द्यायचा तर प्रश्नच नव्हता. देवीला कोण ढुंगण मारतं? नंतर मागून पायाला बांधू, असं तिने स्वतःला सांगितलं आणि ती बेसनाच्या पिशव्यांकडे वळली. एकोणीस वर्षं जी बाई उशीसुद्धा मोकळी ठेवत नव्हती, तिने ते नंतरवर टाकलं.

शनिवारी दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दुपारी श्यामलाबाई आल्या. त्या मालवणच्या, मुलाकडे चार महिन्यांसाठी आलेल्या. मुलगा यतिन आयटीत होता. तो डाळींच्या रांगेत होता. श्यामलाबाईंना दारात लक्ष्मी दिसली, आणि बाईंनी जे करायचं तेच केलं. पिशवी खाली ठेवली, टाचा उंचावल्या, एका हाताने कमळाची कड धरली आणि दुसरा हात देवीच्या पावलाला लावायला गेल्या. ठेंगण्या होत्या, खालच्या पायऱ्या मध्ये येत होत्या, हात पोचेना, म्हणून कडेवर जरा भार दिला. चिकटपट्टीचा फाटल्यासारखा आवाज वीणाने काउंटरपाशी ऐकला. ती वळेपर्यंत मूर्ती त्यांच्या खांद्यावर आणि डोक्याच्या बाजूवर आली होती. पणत्यांचा चुरा झाला होता आणि त्यात त्या आडव्या पडल्या होत्या.

खांदा मोडला, डोक्यात थोडा रक्तस्राव झाला, पण शुद्ध होती. लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

रविवारी चंद्रहासचा फोन आला. खोटं बोल, असं तो म्हणाला नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की आजींनी मूर्ती ओढली हे दहा जणांनी पाहिलंय, तेवढं सांगितलं की पुरे. सोमवारी सरकारी इन्स्पेक्टर आला. वीणाने सांगितलं, की आजींनी कड धरली आणि भार दिला. त्याने तपासणीचा कागद पाहिला, गुरुवारची खूण पाहिली, फोटो काढले. कागद खरा होता, खूण खरी होती, फक्त मूर्ती तेव्हा वेगळ्या जागी होती. ते त्याने विचारलं नाही आणि वीणा मूग गिळून बसली. वेळ मारून नेली, एवढंच तिला त्या दिवशी वाटलं.

मंगळवारी ती हॉस्पिटलमध्ये गेली. सांगायचंच, असं ठरवून गेली होती. श्यामलाबाईंच्या डोक्याला पट्टी होती, पण त्या बोलत होत्या. त्यांनी वीणाचा हात धरला आणि हळू आवाजात सांगायला लागल्या, की तुमच्याकडे येण्याआधी त्या मार्केटात बांगडे घ्यायला गेल्या होत्या, नातवाला आवडतात म्हणून. पिशवीत मासळी होती. हाताला वास होता.

"मासळीचा हात लावलंय गो मी तिच्या पायाक," त्या म्हणाल्या. "म्हणान ती माझ्यार कोसळली. एवढी वर्षां पूजा केलंय, आणि एवढा कळाक नाय माका."

खिडकीपाशी यतिन उभा होता. त्याला तीन रात्रींची झोप नव्हती. तो जरा तुटकपणेच म्हणाला, "आई, मुळात हात कशाला लावायला गेलीस? दुकानातली ती मूर्ती, देवळातली नाही." श्यामलाबाईंनी मान खाली घातली. त्यांचा चेहरा चूक केलेल्या पोरीसारखा झाला होता. वीणाला 'काकू, मी तिला बांधली नव्हती' एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. पण समोर मुलगा होता, तिच्यामागे नोकरी होती, आणि सगळ्यांत पुढे ती एकोणीस वर्षांची फुशारकी होती. "असं काही नसतं हो काकू," असं काहीतरी पुटपुटून, फळांची पिशवी ठेवून ती बाहेर पडली.

बुधवारी संध्याकाळी तिने लेकीला सगळं सांगितलं. ओवी युनिव्हर्सिटीत शिकते, तिला मराठी समजतं पण उत्तर ती इंग्रजीतच देते. तिने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "सो शी थिंक्स इट्स हर फॉल्ट?" वीणाने हो म्हटलं. "देन जस्ट टेल हर, मम. टुनाइट." वीणा म्हणाली, की व्हिजिटिंगची वेळ संपत आली असेल, आता ट्रॅफिकही असेल. उद्या पहिलं काम तेच.

गुरुवारी पहिलं काम तिने ते केलं नाही. आधी इन्स्पेक्टरला फोन केला. तिऱ्हाइताला सांगणं सोपं असतं. मूर्ती कधी हलवली, कुणी हलवली, तंगूस का सोडला, सगळं सांगितलं, आणि तो लिहून घेत राहिला. मग चंद्रहासला सांगितलं. तो रागावला नाही, फक्त म्हणाला की आता दुकानात येऊ नकोस. दुपारी ती हॉस्पिटलमध्ये पोचली, तर त्या खोलीतली कॉट रिकामी होती.

यतिन आयसीयूच्या बाहेर बसला होता. रात्री रक्तस्राव वाढला, ऑपरेशन झालं, आई शुद्धीवर आलेली नाही आणि येईल असं डॉक्टरांना वाटत नाही, हे त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. वीणा त्याच्याशेजारी बसली आणि जे सांगायला आली होती ते सांगितलं. या वेळी काहीच गाळलं नाही. मूर्ती तिथे ठेवायलाच नको होती, ठेवली तर बांधायला हवी होती, तुमच्या आईने जे केलं ते कुणीही केलं असतं, त्यांची काडीचीही चूक नव्हती.

त्याने सगळं ऐकून घेतलं. तो ओरडेल याची तिने मनाची तयारी केली होती. तो ओरडला नाही.

"काल रात्री आठपर्यंत ती बोलत होती," तो म्हणाला. "देवीची माफी मागत होती. सारखी हात धुवून द्या म्हणत होती, साबण लावून. मी वैतागलो. म्हटलं, पुरे आता आई, केलंस ते केलंस." मग वीणाकडे न बघताच म्हणाला, "मला नसतं सांगितलंत तरी चाललं असतं. तिला सांगायला हवं होतं."