वाटणीत राहून गेलेलं वायफाय

समस्त आप्तेष्ट, भावकी, आमच्या गल्लीतला महिला बचत गट आणि विशेषतः कराडची माझी धाकटी बहीण विमल यांना या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, परवाच्या शुक्रवारी दुपारी आमच्या घरी जे काही घडलं, त्यात आमच्या टीव्हीचा कसलाही दोष नव्हता. टीव्ही निर्दोष आहे. सगळ्या बचत गटासमोर मी त्याच्यावर जे आरोप केले, ते बिनशर्त मागे घेते. (माझ्याबद्दल जे उघडकीला आलं, ते मात्र मागे घेता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.)

झालं असं, की आमची लेक प्राजक्ता एका वेब सिरीजमध्ये नर्स झाली. तिचं एकच वाक्य होतं: "डॉक्टर, पेशंटला शुद्ध आली!" पण इस्लामपुरात आमच्या गल्लीतून कुणी पडद्यावर जायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्या पेशंटला शुद्ध येणार आहे ही बातमी मी भाजीवाल्यापासून डॉक्टरांच्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना आठवडाभर आधी दिली होती. शुक्रवारी दुपारी बचत गटाला घरी बोलावलं. चिवडा केला. सतरंजी टाकली.

फक्त दोन माणसांना बोलावलं नाही. एक माझी धाकटी जाऊ शोभा. आणि दुसऱ्या, सांगायला जीभ रेटत नाही, प्राजूची सख्खी आजी. म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो.

आता हे कसं घडलं, ते ऐका. आमच्या घराची वाटणी झालेली आहे. एका घराची दोन घरं झाली, मधे भिंत आली. तांब्याचा बंब इकडे आला, पितळी घागर तिकडे गेली. आत्तींचीही वाटणी झाली: आवस ते पुनव शोभाकडे, पुनव ते आवस आमच्याकडे. एवढं सगळं वाटलं, पण वायफाय कसं वाटायचं, हे काही पंचांना सुचेना. शेवटी त्यातले एक वडीलधारे म्हणाले, "हिरीच्या पाण्यागत सामाईक ठेवा. दोघांनी बी उपसा." तेव्हापासून तो वायफायचा डबा आमच्या बाजूच्या भिंतीवर लटकतो आणि दोन्ही घरं उपसतात.

शोभाशी अबोला आहे तो टीव्हीवरून. दिवाळीत आम्ही टीव्ही घेतला. पंधरवड्यात शोभानं घेतला. त्याच दुकानातून, त्याच कंपनीचा, फक्त आमच्यापेक्षा मोठा! मी बघायला गेले आणि सहज म्हणाले, (सहज नव्हतं, रात्रभर जुळवून नेलं होतं) "एवढा मोठा टीव्ही आणल्यावर घरात माणसं मावतात का गं?"

"आमच्यात मावतात आक्का," शोभा म्हणाली. "आमच्यात माणसं येत्यात."

झालं! त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

आणि नेमकी आवस होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे आत्ती शोभाच्या ताब्यात. गुरुवारी परसात कपडे वाळत घालत होते, तर आत्ती भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "सुनंदा, आपल्या प्राजूचं कवा हाय गं? मला दावशील न्हवं?"

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "शोभाचा टीव्ही लय मोठा हाय की, आत्ती. तिला सांगा लावायला."

ते ॲप शोभाकडे नव्हतं. ते फक्त माझ्याकडे होतं, आणि हे मला पक्कं माहीत होतं. आत्ती "बरं" म्हणाल्या आणि खाली वाकल्या. मी चिमटे लावत राहिले. माणूस किती खाली जाऊ शकतो, हे बघायला भिंतीची उंची पुरते.

तर शुक्रवार. बायका बसल्या. मी रिमोट घेऊन उभी राहिले आणि ॲप उघडलं. पडद्यावर एक गोल चाक फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय.

"सुरू झालं का?" मंगलनं विचारलं. मंगल आमच्या बचत गटाची अध्यक्ष. तिच्या तोंडात काही राहत नाही, चिवडासुद्धा.

"होतंय."

चाक थांबलं आणि अक्षरं आली: 'काहीतरी चुकलं आहे.' काय चुकलं, ते नाही! आमच्या ह्यांच्यासारखंच. नुसतं चुकलंय म्हणायचं आणि पेपर वाचायचा.

'हे' पेपर ठेवून उठले. त्यांचे इलाज ठरलेले. आधी रिमोट तळहातावर आपटला. मग सेलची जागा बदलली, इकडचा तिकडे. मग टीव्हीच्या पाठीवर दोन चापट्या मारल्या, उचकी लागलेल्या पोराला मारतात तशा. शेवटी प्लग काढून म्हणाले, "जरा इसावा घेऊ दे त्याला. तापलाय."

"आत्ता तर लावलाय! एवढ्यात कशानं तापतोय?"

"तुझा आवाज ऐकून."

बायका हसल्या. मी प्राजूला फोन लावला. ती म्हणाली, "आई, ॲप अपडेट केलंयस का? ते सारखं विचारत असेल बघ."

विचारत होतं. दिवाळीपासून टीव्ही रोज नम्रपणे विचारत होता, 'अपडेट करायचं का?' आणि मी रोज 'नंतर' दाबत होते. मला वाटायचं, काहीतरी विकायला आलेत.

मी 'हो' दाबलं. टीव्ही म्हणाला, जागा नाही. ह्यांचं भजनाचं ॲप काढून टाकलं. (त्यांना अजून कळलेलं नाही.) अपडेट झालं. मग त्यानं मलाच ओळखायचं नाकारलं. पासवर्ड टाका म्हणाला. आता पासवर्ड रिमोटनं टाकायचा म्हणजे एकेका अक्षरापर्यंत बाण दाबत जायचं. सगळा बचत गट मदतीला धावला.

"खाली घ्या! अजून खाली!"

"आवं, डावीकडं! गेलं की पुढं!"

माझा पासवर्ड गल्लीला पाठ झाला, पण टीव्हीला काही पटला नाही.

"आई, सोड ते," प्राजू वैतागली. "मोबाइलवर ॲप चालतंय ना? मग मोबाइलचा पडदाच टीव्हीवर टाक. जे मोबाइलवर, तेच टीव्हीवर दिसेल. टीव्हीचं नाव येईल, त्यावर दाब." आणि तिनं फोन ठेवला.

मी दाबलं. टीव्हीचं नाव आलं. दोनदा आलं. एकाखाली एक, अगदी सारखं. इथे एखादी शहाणी बाई थांबली असती. मी काय विचार केला, सांगू? मला वाटलं, एक चित्राचं असेल आणि एक आवाजाचं! आधी चित्र येऊ दे म्हणून वरचं दाबलं. मोबाइल म्हणाला, 'जोडलं गेलं.' टीव्ही मात्र ठार काळा.

"येईल आता," मी बायकांना सांगितलं. "लांबून यायचंय."

तेवढ्यात वाट बघता बघता मी विमलला मेसेज लिहिला. आमचं दोघींचं दिवसभर चालूच असतं. लिहिलं, 'टीव्ही लागेना. सगळ्या बाया बसल्यात. शोभी पलीकडं भिंतीला कान लावून बसली असंल.' विमलचं उत्तर लगेच आलं, बोलून पाठवलेलं. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी मोबाइल कानाला लावला आणि दाबलं.

कानात काहीच आलं नाही.

विमलचा आवाज भिंतीतून आला! चांगला खणखणीत, लाउडस्पीकर लावल्यासारखा. "अगं, तिचं काय घिऊन बसलीस! टीव्ही भला थोरला, आणि बघती काय, तर सोनं कितीला गेलं! शोभी म्हणजे नुसता तोरा!"

सतरंजीवर चिवड्याचा आवाज थांबला.

"सुनंदाताई," मंगल म्हणाली, "तुमची भईण शोभाच्यात आलीया व्हय?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडायला हवा होता. पडला नाही. मी घाबरून मोबाइलवर दिसेल ते दाबू लागले. दाबता दाबता विमलला पाठवलेला एक जुना फोटो उघडला गेला. कराडच्या लग्नात शोभा जांभळी साडी नेसून उभी आहे, आणि त्याखाली मी लिहिलंय... जाऊ दे. थोडक्यात असं, की आमच्या हॉलच्या खिडकीचा पडदा लग्नाला आलाय.

भिंतीपलीकडून आत्तींचा आवाज आला. आत्तींना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. "शोभा, ह्यो तुझाच फोटू न्हवं? खाली काय लिवलंय गं?"

"वाचती की आत्ती," शोभाचा आवाज. शांत. "थांबा जरा, नीट वाचती."

आणि तिनं नीट वाचलं. स्पष्ट उच्चारात. विरामचिन्हांसकट.

सगळा बचत गट एकदम मान वळवून आमच्या हॉलच्या पडद्याकडे बघू लागला. पडदा जांभळाच आहे. वर काठसुद्धा तसाच.

आता उजेड पडला! एक कंपनी, एकच वायफाय, म्हणून सारखी दोन नावं. मी बटण दाबत होते इकडे, आणि माझं अंतःकरण उघडं पडत होतं तिकडे, गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीवर! (शोभाच्या टीव्हीनं तिला आधी विचारलं होतं म्हणे, 'या मोबाइलला परवानगी द्यायची का?' ती मागून म्हणाली, "दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणायचं?")

"आवं, बंद करा!" मी ओरडले.

ह्यांनी धावत जाऊन आमचा टीव्ही बंद केला. तो काळाच होता, अजून काळा झाला.

"हा न्हवं! तो डबा! वायफायचा डबा!" मीच भिंतीकडे झेपावले. एक बटण. ते दाबलं की सगळं थांबणार होतं. बोट बटणावर ठेवलं, आणि भिंतीतून पुन्हा आत्ती.

"शोभा, ही सुनंदा तिकडनं आपल्याला लावून देतीया बघ प्राजूचं. जमंना झालंय तिला. म्हनून ह्ये दुसरंच काय काय याय लागलंय. येईल आता. मी काय उठत न्हाई."

माझं बोट बटणावरच राहिलं. डबा बंद केला तर माझी अब्रू वाचत होती. (जेवढी उरली होती तेवढी.) पण मग आत्ती काळ्या पडद्यासमोर बसून राहिल्या असत्या, सुनेनं लावून दिलंय म्हणत. काल मी त्यांना 'शोभाला सांगा' म्हणाले होते, ते त्यांनी मनावरच घेतलं नव्हतं. मी हात खाली घेतला. मोबाइलवर ॲप उघडलं, प्राजूची सिरीज शोधली आणि दाबलं.

भिंतीपलीकडे वाजतगाजत संगीत सुरू झालं. आमच्याकडे काळोख.

मंगलनं चिवड्याची बशी उचलली. "चला गं," ती म्हणाली, "पिच्चर तिकडं हाय." आणि सगळा बचत गट बशा घेऊन रांगेनं शोभाच्या दारात! मागोमाग हे, पेपर घेऊन. सगळ्यांत शेवटी मी, मोबाइल छातीशी धरून. कारण मी मोबाइल घरी ठेवून तोंड लपवणार तरी कशी? सिरीज त्याच्यातून चालली होती!

शोभा दारातच उभी होती. तिनं मला खालून वर एकदा बघितलं.

"या आक्का," ती म्हणाली. "बसा. आमच्यात मावतात माणसं."

मी मावले. दाराजवळ, चपलांशेजारी. आत्तींनी हाक मारून मला पुढे घेतलं आणि आपल्या शेजारी कोचावर बसवलं. आणि पडद्यावर दवाखाना आला. दार उघडलं. पांढऱ्या कपड्यात आमची प्राजू धावत आली. आत्तींनी माझा हात घट्ट धरला. प्राजूनं तोंड उघडलं, "डॉक्टर..."

आणि बरोबर तिच्या तोंडावर, वरून एक पट्टी खाली उतरली. विमलचा मेसेज. मोठ्या टीव्हीवर केवढाली अक्षरं ती! 'काय झालं गं? जिरली का शोभीची?'

पेशंटला शुद्ध आली. माझी गेली.

मंगलनं वाचलं, पण चक्क गप्प बसली. एवढी वाईट वेळ होती ती! शेवटी शोभाच उठली, माझ्या हातातून मोबाइल घेतला, बोटानं पट्टी बाजूला सारली, चित्र थोडं मागं नेलं आणि माझ्या हातात परत दिला. "विमलताईस्नी सांगा, जिरली म्हणावं," ती म्हणाली. "आता आत्तीस्नी बघू दे."

प्राजू पुन्हा धावत आली. पेशंटला पुन्हा शुद्ध आली. आत्तींनी पदर डोळ्यांना लावला. मग पुन्हा लाव म्हणाल्या, मग अजून एकदा. एवढ्या वेळा शुद्धीवर आणलेला पेशंट साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

मी खाली मान घालून बसले होते. शोभानं चहा आणला. मला पहिला दिला, आणि कपाखाली बशी दिली ती वाटणीत तिकडे गेलेली, आमच्या एकत्र घरातली. कुठं बघावं कळेना. मी मनात म्हणाले, सुनंदाबाई, तू केवढीशी आणि ही केवढी! हिच्या मोबाइलमध्ये असलं काही नसणार!

तेवढ्यात आत्तींनी डोळे पुसले आणि इकडे तिकडे बघितलं. "शोभा, तुझा मोबाइल कुठाय गं?"

शोभाचा हात एकदम कोचावरच्या उशीखाली गेला. "का ओ, आत्ती?"

"काय न्हाई," आत्ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "पुनवंला मी सुनंदाकडं जाणार. तवा तुझा बी असाच तिकडल्या टीव्हीवर लाव. हिचं वाचून झालं, आता तुझं बी वाचू की!"