नखाचं काम

आमच्या नर्सरीत मावशीला सगळे 'नखरेवाली' म्हणतात. नखरे तिच्यात औषधालाही नाहीत; पण वर्बेनाच्या फुलरोपाचा शेंडा ती कात्रीला हात न लावता नखानं खुडते, म्हणून हे नाव. नखानं होईल तिथं कुऱ्हाड कशाला, असं ती वर ऐकवते. ती माझ्या आईची सख्खी बहीण. मला इथं कामाला तिनंच लावलं, त्यामुळे तिचे टोमणे माझ्या वाट्याला दुप्पट.

बावीस वर्षं ती हेच करते आहे. वर्बेनाचं बी पेरलं की ट्रेवर गोणपाट टाकायचं, कारण हे बी उजेडात रुसून बसतं. पाणी मुळाशी द्यायचं. पानं ओली राहिली की भुरीची पांढरी बुरशी पडलीच. रोपाला चार जोड्या पानं आली की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं फुटवे येतात. पुन्हा एकदा खुडायचा आणि मग हात आवरायचा. फूल शेंड्यालाच येतं. त्यानंतर चुकून खुडलं, तर ते महिनाभर लांबलं म्हणून समजा.

गेल्या वर्षापासून मावशीला नीट दिसत नाही. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, ट्रेवरची पेरणीच्या तारखेची चिठ्ठी वाचता येत नाही. हे फक्त मला ठाऊक होतं. "मालकांना कळलं की मी घरी," ती म्हणायची, "आणि घरी बसून काय करू, भिंतीचे शेंडे खुडू?" ती दारापासून ट्रे मोजायची. पहिले सहा जुने, दोनदा खुडून झालेले; पुढचे सहा नवे, खुडायचे. बाकीचं तिची बोटं बघून घ्यायची.

सोमवारी ती गुडघ्याचं निमित्त सांगून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. नेमके त्याच दिवशी मालकांनी मला ट्रे फिरवायला लावले. दाराकडचे भिंतीकडे, भिंतीकडचे दाराकडे, सगळ्यांना ऊन सारखं मिळावं म्हणून. मी फिरवले, आणि मावशीला सांगायचं साफ विसरले. डोक्यात काय भुसा भरला होता, देव जाणे.

मंगळवारी साडेनऊला पोचले, तर खाली शेंड्यांचा ढीग. एक उचलून पाहिला. टोकाच्या पानांत दडलेल्या मोहरीएवढ्या कळ्या.

"मावशी, थांब!"

"काय गं?"

"हे जुने आहेत."

तिचा हात जागच्या जागी थांबला. सहाच्या सहा ट्रे खुडून झाले होते. त्यातली रोपं नव्या दवाखान्याच्या अंगणात लावायची होती, तीन आठवड्यांनी उद्घाटन होतं, आणि मालक दहाला कळ्या बघायला येणार होते.

"आता गं?" ती म्हणाली. असा प्रश्न तिनं कधी कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

"तू गप्प राहायचं," मी म्हणाले आणि शेंडे बादलीत भरू लागले.

मालक आले, चष्मा लावून वाकले.

"कुणी खुडलं?"

"मी," मी म्हणाले. "चिठ्ठी वाचायची राहिली."

त्यांनी एक रोप डोळ्यांजवळ धरलं. "तू कात्री चालवतेस. तिरकं कापतेस, पानं फाडतेस. हे बघ, जोडीच्या बरोबर वर, एक पान दुखावलेलं नाही. असं खुडणारं इथं एकच माणूस आहे." मग ते मावशीकडे वळले. "मावशी, ही चिठ्ठी वाचा बघू."

तिनं चिठ्ठी नाकाशी नेली. मला चिठ्ठीवरचं ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"नाही दिसत, मालक," ती म्हणाली. "वर्ष झालं."

मालक चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "उद्यापासून कुंड्यांत माती भरायला बसा. रोपांना हात लावू नका." आणि दवाखान्याला फोन करायला आत गेले.

मला रडू फुटलं. "माझंच चुकलं गं. मी तुला सांगायला हवं होतं."

"विसरलीस, ते जाऊ दे. माणूस विसरतो." ती रागानं लाल झाली होती. "पण ते खुडणं तुझं, असं कुठल्या तोंडानं सांगितलंस? बावीस वर्षांत माझ्या हातचं काम कुणी आपलं म्हणून सांगितलं नव्हतं."