मॉस्कोचा टाइम आणि आपला टाइम एकच

लान्सी तुस्कानोला रस्ता विचारू नका. विचारलात तर तो रस्ता सांगेलच, वर कुठल्या सिग्नलला कुठली लेन धरायची, पार्किंग कुठे मिळणार नाही आणि परत येताना कुठून वळायचं हेही सांगेल, आणि तोवर तुमचा चहा गार होईल. बहरीनमध्ये, मनामाच्या हूरा भागातल्या एका हॉटेलात, ट्रान्सपोर्ट डेस्कवर, हा माणूस बावीस वर्षं बसलाय. झल्लाकच्या रिसॉर्टला जाणारं कुटुंब असो नाहीतर विमान गाठायला निघालेला साहेब, लान्सीने पाठवलेला माणूस कधी चुकला नाही, असं तो स्वतःच सांगतो, आणि खोटं कशाला बोला, ते खरंही आहे. मात्र या बावीस वर्षांत तो स्वतः बहरीन ते मुंबई आणि मुंबई ते बहरीन यापलीकडे कुठे गेला नव्हता, हे तो सांगत नसे.

बायको कॅथरीन वसईला, मुलगी रिचेल आईजवळ. रिचेलच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला लान्सीची रजा ऐन वेळी रद्द झाली. दहावीच्या सत्काराला मॅनेजरने ‘इंशाल्ला, पुढच्या महिन्यात’ म्हणून त्याची पाठ थोपटली. शाळेच्या नाटकात पोरगी राणी झाली, ती राणी त्याने फोटोत पाहिली. पुढे ती डॉक्टर व्हायला रशियाला गेली, आणि तीही मॉस्कोत नव्हे, वोल्गा नदीपलीकडच्या झारेचिन्स्क नावाच्या एवढ्याशा गावात. मॉस्कोहून रात्रभर रेल्वे आणि वर दोन तास बस. सहा वर्षं सरली, जूनमध्ये पदवीचा समारंभ ठरला. कॅथरीनच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणजे घरातून जाणारा एकटा लान्सी. दोन वर्षं सुट्टी न घेता त्याने ही रजा साठवली होती. स्टेजवरून रिचेलचं नाव घेतील तेव्हा आपण समोरच्या खुर्चीत असायचं, एवढंच त्याला हवं होतं. हेही चुकलं तर पुढे पाहायला काही उरणार नव्हतं.

मग काय, तयारीला ऊत आला. तीन रंगांच्या पेनांनी तक्ता झाला: विमान, रेल्वे, बस, हॉल. बॅगेत वसईची सुकेळी आणि इथला हलवा. विमानतळावर सोडायला हॉटेलचा ड्रायव्हर गुंडू होता. चंदगडचा हा गडी बोलतो कमी, पण विचारतो नेमकं. तिकडचा टाइम किती पुढेमागे, असं त्याने विचारलं. लान्सी या प्रश्नाची वाटच बघत होता.

“मॉस्कोचा टाइम आणि आपला टाइम एकच,” तो म्हणाला. “घड्याळाला हात लावायचा नाही. यल्ला, चल.”

आणि त्याने हात लावला नाही. मॉस्कोत उतरल्यावर फोनचं रोमिंग मफी, म्हणजे नाहीच, सिग्नलची एक काडी दिसेना. पण लान्सीने त्याची फिकीर केली नाही. तक्ता होता, मनगटावर घड्याळ होतं. रेल्वेत समोरच्या आजीबाईंनी त्याला काकड्या खाऊ घातल्या, त्याने सुकेळी दिली. आजीबाईंनी ती दोनदा हुंगून पाहिली, मग खाल्ली, मग आणखी मागितली. लान्सीला वाटलं, परदेश म्हणजे उगाच बाऊ करतात लोक.

सकाळी उतरायचं स्टेशन आलं. तिकिटावर सात दहा लिहिलेलं, आणि लान्सीच्या घड्याळात सहा दहा. गाडी चक्क एक तास आधी पोचली! त्याने मनोमन रशियन रेल्वेला शाबासकी दिली. स्टेशनातलं भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढे दिसलं, तेव्हा ते बिघडलंय असं ठरवून तो मोकळा झाला. आता याला काय म्हणावं? हॉटेलच्या लॉबीत पाच शहरांची पाच घड्याळं टांगलीत, ती मिळवायचं काम गेली बावीस वर्षं याच माणसाकडे. पण मॉस्कोची वेळ मॉस्कोपुरती, त्या अवाढव्य देशात नदी ओलांडली की घड्याळ तासाने पुढे जातं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. दुबईहून आलेला माणूस ही चूक करणार नाही, मुंबईहून आलेलाही नाही. त्यांना उतरल्या उतरल्या काटे फिरवावेच लागतात. हे शहाणपण बहरीनवाल्यालाच परवडतं.

बस सव्वाआठची होती. हातात दोन तास आहेत अशा समजुतीने त्याने आरामात दाढी केली, सूट चढवला, टाय दोनदा बांधला, दोन ग्लास चहा घेतला. घड्याळात पावणेआठ झाले तेव्हा तो ऐटीत बसच्या खिडकीशी गेला. आतल्या बाईने मान हलवून भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पावणेनऊ. लान्सीने आपलं मनगट दाखवलं. बाईने पुन्हा भिंत दाखवली. असं तीनदा झालं. शेवटी रांगेतल्या एका बाईने मोबाइलवर इंग्रजीत भाषांतर करून दाखवलं: इथे मॉस्कोचा टाइम चालत नाही, एक तास पुढे. पुढची बस साडेदहाला होती, म्हणजे पोचायला साडेबारा. आणि समारंभ अकराला.

 लान्सी बॅगेवर बसला. त्या बाईने आपला फोन पुढे केला, कुणाला कळवायचं असेल तर. तर हा नको नको म्हणाला! का, तर ऐन समारंभाच्या सकाळी पोरीला घोर नको, ती पडल्या चेहऱ्याने स्टेजवर जाईल. शिवाय लाज वाटत होती, तेही खरंच. बावीस वर्षं लोकांना पोचवणाऱ्या बापाची बस चुकली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

साडेबाराला तो झारेचिन्स्कला उतरला. माफीची वाक्यं बसमध्ये दोन तास घोकली होती. बसस्टँडच्या बाकावरून काळा गाऊन घातलेली रिचेल उठली आणि ती सगळी वाक्यं तो विसरला. झाला का कार्यक्रम, टाळ्या पडल्या का भरपूर, एवढंच कसंबसं विचारलं.

“मी गेलेच नाही,” रिचेल म्हणाली.

सव्वादहाच्या बसमधून तो उतरला नाही, तेव्हापासून ती इथेच होती. त्याचा फोन लागेना, आणि या भागात इंग्रजी कुणाला येत नाही, तर तो वाट कुणाला विचारणार, हा तिला घोर. हे ऐकून लान्सी भडकला. खरं तर स्वतःवरच, पण बोलला तिला. एवढ्या लांबून कशासाठी आलो मी, सहा वर्षं राबलीस कशासाठी, वेडी आहेस का, वगैरे.

रिचेलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “डॅडी, प्रत्येक वेळी मी स्टेजवरून दाराकडेच बघत असायचे. आज मला तसं बघायचं नव्हतं.”

लान्सी रडला. भर दुपारी, सुटाबुटात, परक्या गावच्या बसस्टँडवर रडला, आणि त्याला कसलीही लाज वाटली नाही.

तासाभराने दोघं कॉलेजच्या ऑफिसात गेली. तिथे एक जाड भिंगांची, वयस्क बाई बसलेली. तिने कपाटातून पदवीचं लाल पुस्तक काढलं, रजिस्टर उघडलं, आणि समोर दोनच माणसं असूनही, उभी राहून नाव वाचलं: “रिचेल लान्सियेव्ना तुस्कानो.”

मधे काय म्हणाली ती, असं लान्सीने विचारलं.

“तुमचं नाव,” रिचेल म्हणाली. “इथे मानाने हाक मारायची तर बापाचं नाव जोडूनच मारतात. ऑफिसात, वॉर्डात, सगळे मला सहा वर्षं असंच बोलावतात, डॅडी. रोज.”

 लान्सी समोरची एक खुर्ची ओढून ताठ बसला, आणि त्या बाईला खुणेने म्हणाला, पुन्हा एकदा वाचा. बाईने चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचलं.